कोरल परत टाकलं म्हणून मुलगा रुसलाय

प्रश्न: माझं कराडमध्ये डीटीपीचं आणि छोट्या ऑफसेटचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची वार्षिकं आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि दुकानातल्या तिन्ही मशिनवर विंडोज काढून लिनक्स ही खुली, फुकट प्रणाली टाकून गेला. चित्रांना इंकस्केप, फोटोंना गिंप, पानं लावायला स्क्रायबस, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस, सगळं बसून शिकवलंही. पण गिऱ्हाईक डिझाइनच्या कोरल या प्रोग्रॅमची फाइल, सीडीआर, पाठवतं, ती उघडली की अक्षरं विस्कटतात. श्रीलिपी फॉन्टांतला जुना मजकूर म्हणजे नुसता कचरा दिसतो. त्यात एका अहवालाच्या वेळी कोल्हापूरहून प्लेटवाल्याचा फोन आला, “ताई, काळं चारही प्लेटांवर आलंय.” शेवटी दोन मशिनवर गुपचूप विंडोज, कोरल आणि पानं लावायचं जुनं पेजमेकर परत टाकून घेतलं. मुलाला आता कळलंय. म्हणतो, “आई, तू पुन्हा गुलामीत गेलीस.” तो चुकतोय असं मला वाटत नाही, पण मग धंदा कसा करायचा? आणि कोरल कुठून आणलं ते कृपा करून विचारू नका.
— एक डीटीपीवाली, कराड

ताई,

प्लेटवाल्याच्या फोनपासूनच सुरुवात करू. तुमच्या मुलाशी बोलताना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती हीच गोष्ट, कारण तिच्यात मतभेदाला जागा नाही.

इंकस्केप रंगाचा विचार पडद्याच्या हिशेबाने करतं: लाल, हिरवा, निळा. छपाई चालते सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक, म्हणजे सीएमवायके, या चार शाईंवर, प्रत्येक शाईची एक प्लेट. तुम्ही इंकस्केपमध्ये काळा मजकूर टाकलात आणि पीडीएफ काढली, की त्यातला काळा हा पडद्याचा काळा असतो. प्लेटवाल्याकडची यंत्रणा त्याचं चार शाईंत रूपांतर करते आणि ताळेबंदातले आठ पॉइंटांचे आकडे चारही प्लेटांवर उतरतात. मग मशिनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर जरी हललं, तरी प्रत्येक आकड्याला एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर कडा. पतसंस्थेचा सेक्रेटरी चष्मा पुसत बसतो. यात फसायला होतं ते असं, की इंकस्केपच्या रंगाच्या खिडकीत सीएमवायकेचा पर्याय दिसतो. तिथे तुम्ही फक्त काळा शंभर टक्के असं भरताही. पण तो पर्याय रंग निवडायच्या सोयीपुरता आहे, आत साठवला जातो तो पडद्याचाच रंग. हे तुमच्या मुलाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याचं काम पडद्यावर सुरू होतं आणि पडद्यावरच संपतं.

तेव्हा कोरल परत टाकलंत ते ठीक केलंत. गिऱ्हाइकाच्या अहवालावर कुणी आपली तत्त्वं तपासून बघू नयेत.

मात्र याच ठिकाणी मुलगाही थोडा बरोबर आहे, कारण त्याने शिकवलेल्यांपैकी स्क्रायबस हे काम नीट करतं. त्यात फक्त काळ्या शाईचा काळा खरोखरच एका प्लेटवर जातो, स्पॉट कलर, म्हणजे या चारांबाहेरची खास शाई, ठेवता येतो, छापखान्याला चालणारी पीडीएफ-एक्स निघते. तुम्ही स्क्रायबस का सोडलंत ते पत्रात नाही, पण अंदाज करता येतो. त्याच्या १.४ मालिकेतल्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरं जुळायचीच नाहीत, ‘क्ष’चे तुकडे पडायचे. ते दुरुस्त झालेली पक्की आवृत्ती, १.६, आली जानेवारी २०२४ मध्ये. मशिनवर कोणती आहे ते आधी बघा. जुनी असेल तर तुमचा निम्मा राग उगाच त्या प्रोग्रॅमवर निघाला. फोटोंच्या बाबतीत मात्र सबुरी ठेवा. गिंपची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, आधीच्या मोठ्या आवृत्तीनंतर जवळजवळ सात वर्षांनी. तिच्यात सीएमवायकेमध्ये फाइल बाहेर काढता येते, पण पूर्ण काम सीएमवायकेतच करायची सोय अजून नाही.

सात वर्षं कशाला लागतात? मूठभर माणसं, त्यातली बरीच पदरमोड करून काम करणारी. आणि माणूस आधी स्वतःला खुपतं ते दुरुस्त करतो. प्रोग्रॅमरला सर्व्हर खुपतो, ब्राउझर खुपतो, म्हणून तिथलं खुलं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर जगात अव्वल आहे. तुमच्या फोनवर व्हॉट्सॅपमध्ये ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ नीट दिसतात ना, ती अक्षरं अँड्रॉइडवर जुळवून दाखवणारं हार्फबझ हे खुलंच आहे. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळीकडे तेच. कोल्हापूरच्या प्लेटा मात्र कुठल्या प्रोग्रॅमरला खुपत नाहीत, आणि ज्यांना खुपतात ते तुमच्यासारखे लोक कोरल परत टाकतात आणि गप्प बसतात. याकडे शेवटी येतो.

आता ‘गुलामी’ या शब्दाबद्दल. मुलाला एक किस्सा सांगा, त्याला बहुधा तो ठाऊक असेल, पण आईकडून आला तर वेगळा ऐकेल. लिनक्सचा जो गाभा त्याने तुमच्या मशिनवर टाकला, तो लिहिणाऱ्या लायनस टॉरवाल्ड्सने २००२ ते २००५ या काळात त्याच कामासाठी एक बंदिस्त प्रोग्रॅम वापरला होता, बिटकीपर. जगभरातून येणारे बदल सांभाळायला तेव्हाची खुली साधनं त्याला पुरेनात. बिटकीपर पुरत होतं आणि कंपनीने काही अटींवर ते फुकट दिलं होतं. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनसारख्यांनी भरपूर टीका केली. लायनसने ती मनावर घेतली नाही, आणि माझ्या मते त्यात चूक काही नव्हतं. त्या तीन वर्षांत कामाचा वेग वाढला. मग अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या प्रोग्रॅमरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं स्वतःचं साधन लिहायला घेतलं, कंपनीचं डोकं फिरलं आणि एप्रिल २००५ मध्ये फुकटची परवानगी गेली. लायनसने काम थांबवून नवं साधन लिहायला घेतलं आणि काही दिवसांत ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तेच गिट. तुमचा मुलगा कॉलेजात रोज वापरत असेल.

गंमत अशी, की या गोष्टीतून दोन्ही बाजूंचे लोक आपापलं म्हणणं काढतात. मला त्यात दिसतं ते एवढंच: बंदिस्त साधन वापरण्यात धोका नव्हता, ते दुसऱ्याच्या मर्जीने बंद होऊ शकतं हा होता. आणि तसं झालं तेव्हा सावरायला लायनसकडे लायनस होता. कराडला तसा कुणी नाही, म्हणून तुम्हाला तयारी आधीच हवी.

आणि मर्जी फिरायला भांडणच व्हावं लागतं असंही नाही. जुलै २०२५ मध्ये गुजरातेतल्या वाडीनारला रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा अचानक बंद झाल्या. युरोपीय संघाने निर्बंध घातले म्हणून. पैसे भरलेले होते, लायसन्स होतं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. त्यानंतर आपल्याकडे ‘स्वदेशी वापरा’ची हवा वाढली आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने झोहो या भारतीय कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायचा आदेश काढला. झोहो चांगलं आहे, पण तेही बंदिस्तच आहे. मालक जवळ राहायला आला म्हणून घर आपलं होत नाही.

तर तुमच्या दुकानात हा धोका नेमका कुठे आहे? मुलगा कोरलकडे बोट दाखवतोय. मी जुन्या संगणकातल्या फोल्डरकडे दाखवीन, जिथे पंधरा-वीस वर्षांचे अहवाल आणि दिवाळी अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपीत पडून आहेत. पेजमेकर १९८५ साली आलं, त्याची शेवटची आवृत्ती ७.० निघाली २००१ साली. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेला एकच संकेत, कळत नाही आणि आता कधी कळणारही नाही. बनवणाऱ्यांनी ते कधीच सोडून दिलंय, ते चालवतोय फक्त आपण. आणि श्रीलिपीच्या त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसतं. ‘म’च्या जागी अंडरस्कोर असतो, त्यावर फॉन्ट ‘म’चं चित्र काढतो. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो कचरा, जो तुम्ही लिनक्सवर पाहिलात. तो लिनक्सने केलेला नाही, तो पहिल्यापासून तिथेच होता.

बघा ना, आज काम कसं चालतं. पतसंस्थेचा माणूस व्हॉट्सॅपवर मजकूर पाठवतो, तो युनिकोडमध्ये असतो. तुमची ऑपरेटर तो श्रीलिपीत उतरवून घेते किंवा पुन्हा टाइप करते, कारण पेजमेकरला दुसरं काही चालत नाही. अहवाल छापून होतो. महिन्याने तोच माणूस म्हणतो, वेबसाइटवर टाकायचाय, मजकूर द्या. मग तो परत युनिकोडमध्ये. दोन्ही वेळा प्रूफ नव्याने वाचायचं. हा खर्च तुमच्या कुठल्याच बिलात दिसत नाही, पण जातो तुमच्याच खिशातून.

म्हणून माझा सल्ला आहे की कोरल राहू द्या आणि पेजमेकर काढा. भांडण ज्यावर चाललंय ते तसंच ठेवा आणि ज्यावर कुणी बोलत नाही ते बदला.

नवं पुस्तकी काम, म्हणजे अहवाल, वार्षिकं, दिवाळी अंक, हे स्क्रायबसमध्ये युनिकोडमध्ये करा. पहिला जॉब रडवेल, कारण पेजमेकरची बोटांना लागलेली सवय तिथे कामाची नाही. स्टाइल लावण्याची पद्धत वेगळी आहे, आणि तक्ते करायला ते मला अजूनही कटकटीचं वाटतं. ताळेबंदासारखी पानं लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये करून पीडीएफ म्हणून आत आणली तर त्रास वाचतो, मात्र काळ्याची तपासणी तेव्हा पुन्हा करायची. प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये चारही रंग एकेक करून बंद-चालू करून बघा. काळा बंद केल्यावर पानावर मजकुराचा मागमूस राहिला, तर काहीतरी बिनसलंय. हे प्लेटवाल्याच्या आधी तुम्हाला कळायला हवं.

फॉन्टचं सांगतो. मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ चांगला आहे, पण त्यात आणि इतर बऱ्याच खुल्या फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि दिवाळी अंकाच्या संपादकाला ते पहिल्या पानावर टोचतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मुळातच मराठी वळणाने केलेला आहे, तो लावून बघा. दोन्ही फुकट आहेत आणि छपाईला वापरायला मुभा आहे. लग्नपत्रिकांसाठी मात्र खुल्यात अजून जीव नाही. ते फिरकीचं ‘शुभविवाह’, ते वीस प्रकारचे गणपती, ती महिरप, ही सगळी दौलत जुन्या बंदिस्त फॉन्टांत आहे आणि गिऱ्हाइकाला तीच हवी असते. पत्रिका कोरल आणि श्रीलिपीतच करा, त्यात लाज कसली! पत्रिकेचं आयुष्य लग्नापर्यंतच असतं. दहा वर्षांनी ती फाइल उघडायला कुणी येत नाही, अहवालाची मात्र येतात.

हाच फरक सगळीकडे लावा: जे काम पुन्हा लागणार, ते अशा रूपात ठेवा की कुठल्याही मशिनवर उघडेल. प्रत्येक मोठ्या जॉबच्या फोल्डरमध्ये मूळ फाइलीशेजारी मजकुराची साधी युनिकोड फाइल, फोटो वेगळे, आणि कर्व्ह न केलेली, म्हणजे अक्षरांची चित्रं न बनवलेली, एक पीडीएफ. कर्व्ह केलेली फक्त छापखान्याला. तिच्यातून मजकूर परत निघत नाही, आणि मी अशी दुकानं पाहिली आहेत जिथे दहा वर्षांचं काम नुसत्या कर्व्ह केलेल्या सीडीआरमध्ये आहे. तिथे लोगो सापडतो, परिच्छेद नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या सीडीआरसाठी एक मशिन कोरलचं राहू द्या. इंकस्केप सीडीआर उघडतं, पण पॉवरक्लिप (आकारात कापून बसवलेली चित्रं) आणि इफेक्ट असलेल्या फायलींत काय गळेल ते सांगता येत नाही, आणि जुन्या फॉन्टांतला मजकूर तर गेलाच. साधा लोगो असेल तर तिथेच उघडून पीडीएफ किंवा एसव्हीजी करून ठेवा. बाकी दोन मशिन लिनक्सवर जाऊ शकतात, त्यातलं एक तुमच्याकडे अजून आहेच. हिशेबाच्या टॅलीला मुलाने हात लावला नसेल तर लावू देऊ नका. धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं, मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट खुलं आहे आणि उत्तम आहे, पण तीन मशिनच्या दुकानाला तो पसारा झेपणार नाही, आणि तुमचा सीए टॅलीच मागणार.

आता ते, जे विचारू नका म्हणालात. विचारत नाही, सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकाचा प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, तुमचा वापर तर धंद्याचाच. शिवाय तसल्या प्रतीसोबत आणखी काय मशिनवर उतरतं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण मला त्याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. खुल्या सॉफ्टवेअरचं सगळ्यात जास्त नुकसान महागड्या कोरलने केलेलं नाही, फुकटच्या कोरलने केलंय. कोरलची किंमत तुमच्या बिलात दिसली असती, तर आपल्याकडच्या गल्लीगल्लीतल्या डीटीपीवाल्यांनी स्क्रायबसला देवनागरी कधी येणार म्हणून कधीच ओरडा केला असता. तीन मशिनवर तीन प्रती लागत होत्या म्हणून तुम्ही हा मार्ग धरलात. एकाच मशिनवर लागणार असेल तर एक लायसन्स विकत घेणं आवाक्यात येतं. घेताना दरवर्षीचं भाडं आहे की एकदाच घ्यायचं, हे स्पष्ट विचारा आणि दुसरं मिळत असेल तर ते घ्या.

मुलाला यातली दोन कामं द्या, म्हणजे त्याची गुलामीवरची भाषणं सत्कारणी लागतील. पहिलं, जुन्या फोल्डरमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. त्यासाठीचे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार आणि अनुस्वार इकडचे तिकडे होतात आणि ‘दुसऱ्या’तला अर्धा र हमखास चुकतो. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ हा ‘आचार्यांचा सत्कार’ होऊन गेला तरी स्पेलचेक काही बोलत नाही. त्याने रूपांतर करावं आणि प्रूफ तुमच्या ऑपरेटरने वाचावं, कारण ही चूक त्याला दिसणार नाही आणि तिला झोपेतही दिसेल.

दुसरं काम असं. त्या अहवालाची इंकस्केपची फाइल, चारही प्लेटांचे फोटो आणि छापलेल्या पानाचा जवळून काढलेला फोटो, हे सगळं त्याने नीट लिहून इंकस्केपच्या लोकांना पाठवावं. गिटलॅब या साइटवर त्यांचं तक्रारीचं पान आहे आणि ते कसं वापरायचं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं येतं. आधीच कुणी नोंदवलेली तक्रार असेल तर तिच्याखाली जोडावं. खऱ्या छापखान्यातला, खऱ्या गिऱ्हाइकाचा पुरावा त्या मंडळींना फारसा मिळत नाही. विद्यार्थ्यांचे आणि हौशी चित्रकारांचे अनुभव त्यांच्याकडे ढिगाने येतात, कराडच्या पतसंस्थेच्या ताळेबंदाचे फोटो येत नसावेत.

आणि वेळापत्रक तुम्ही ठरवा, त्याने नाही. हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी अंकाची पानं लागायला सुरुवात झाली असेल, तर यंदाचा अंक आहे त्याच मशिनवर, आहे त्याच पेजमेकरमध्ये काढा. अंक छापून झाला की मधल्या शांत आठवड्यात एखाद्या शाळेचं चोवीस पानी एकरंगी वार्षिक घेऊन स्क्रायबस सुरू करा. तुळशीचं लग्न उरकलं की पत्रिकांची गर्दी होईल, त्याच्या आत ते हातावेगळं झालं पाहिजे.